परिचर्येतून वैद्यकीकडे
(ज्युबिली सभेतील भाषण)



या आनंदसमयी आम्ही एक गंभीर प्रश्न आपणांपुढे ठेवतो. महाड-पोलादपूरकडील एखाद्या कन्येने परिचारिकेचा पेशा पत्करला आणि पुढे तिला डॉक्टर व्हावेसे वाटले, तर आपण तिला आडवे यावे काय?

मार्ग सोपा नव्हे. परिचर्येच्या पदवीस चार वर्षे लागतात. तरी तिच्या बळावर वैद्यकीच्या वरच्या वर्गात प्रवेश मिळत नाही. ‘नीट’ परीक्षा देऊन आरंभापासूनच शिकावे लागते: साडेचार वर्षे अध्ययन व एक वर्ष उमेदवारी. मात्र २०२२ साली वयाची कमाल मर्यादा उठली, आणि अलिबागेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे.

इंग्लंडातील सिसिली सॉन्डर्स प्रथम परिचारिकाच होत्या. पाठीच्या दुखण्याने तो पेशा सुटला. तिशी उलटल्यावर त्या वैद्यकी शिकू लागल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या, व १९६७ साली त्यांनी मरणोन्मुखांसाठी सेंट क्रिस्टोफर्स रुग्णाश्रम उघडला. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ साली अशाच सेवेसाठी निघाले. धर्मभगिनींसही वैद्यकीची मोकळीक रोमने १९३६ सालीच दिली, हे आपण विसरू नये.

परिचर्या ही खालची पायरी नव्हे. रुग्णाच्या उशाशी जागलेल्या रात्री डॉक्टरासही शहाणे करतात. सावित्रीस पूर येतो, घाटात दरडी कोसळतात, २०२१ साली तळियेवर डोंगर आला; अशा वेळी आपल्या मुलखास दोघींचीही गरज असते. म्हणून पगार सोडून पुन्हा पाटीपुस्तक हाती घेणाऱ्या कन्येस टोमणे नव्हे, तर धीर व शिदोरी द्यावी, हीच आमची नम्र विनंती.