पॅनेलची किल्ली
(ओमानमधील सीब येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘देशांची तंत्रभरारी’ असा भारदस्त विषय संयोजकांनी दिला आहे. माझी उमेदीची वर्षं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांत, इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. त्यामुळे भरारीबद्दल जे बोलेन ते मेंटेनन्सवाल्याच्या नजरेतून.

भरारी पाहायला आपल्याला सीबबाहेर जावं लागत नाही. 1970 साली अख्ख्या ओमानमध्ये जेमतेम दहा किलोमीटर पक्का रस्ता होता. 1973 मध्ये सीबला विमानतळ झाला, 1986 मध्ये खूदला सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झालं, 2003 मध्ये रुसैलला नॉलेज ओएसिस मस्कत हे तंत्रज्ञान केंद्र आलं. हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात.

मी नोकरीला लागलो तेव्हा कंट्रोल रूमच्या भिंतीवर गोल चार्ट रेकॉर्डर होते. पातळ कागदाची चकती, शाईचं पेन, चोवीस तासांत एक फेरी. सकाळी कालचा चार्ट काढायचा, मागे तारीख टाकायची, नवा चढवायचा. व्हॉल्व्हला हुकूम जायचा तो हवेच्या दाबाने, तांब्याच्या बारीक नळीतून. नळी गळतेय अशी शंका आली की साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. मग विजेच्या मिलिअँपिअर संकेतांचा जमाना आला, मग संगणकी नियंत्रणाचे (डीसीएस) स्क्रीन, आणि आता अलार्म थेट मोबाइलवर वाजतो. बायको म्हणते, पूर्वी तुम्ही घरी आलात की घरी असायचात.

चार्टवरच्या रेषेला बारीक कंप आला की व्हॉल्व्ह चिकटतोय हे डोळ्यांना कळायचं. स्क्रीनवर तोच कंप सरासरीत जिरून जातो. पण म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. साबणाच्या पाण्याकडे परत जायची माझी बिलकूल तयारी नाही.

2008 मध्ये या किनाऱ्यावर सूक्ष्म शैवालाचा तांबडा तवंग पसरला, तो पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळला. अमिराती आणि ओमानमधल्या पाण्याच्या प्रकल्पांना त्याने जेरीस आणलं. आमच्याकडे फिल्टरवरचा दाब चढायला लागला. पहिला संशय दाब मोजून कळवणाऱ्या ट्रान्समीटरवर, कारण काही बिघडलं की आधी इन्स्ट्रुमेंटवाल्याला धरायचं हा आमच्या धंद्यातला रिवाज. कॅलिब्रेशन सुरू झालं. शिफ्टमध्ये खाबूराकडचा एक ओमानी ट्रेनी होता. त्याने मासेमारी करणाऱ्या मामाला फोन लावला. मामा म्हणाला, कालपासून जाळी चिकट येताहेत, पाणी विटकरी दिसतंय. ट्रान्समीटर अगदी बरोबर होता.

या मुलाला कंट्रोल पॅनेल उघडायची मुभा नव्हती. किल्ली आपल्यासारख्याच एखाद्या जुन्या परदेशी माणसाच्या खिशात असायची. कारण सुरक्षिततेचं सांगितलं जायचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: हा शिकला तर आपलं काय?

आता हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून बघू. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी एक मिळाला, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला मिळाला नाही. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, अकोला जिल्ह्यातले विजय भटकर त्याचे प्रमुख झाले आणि 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. ही कथा सांगताना आपली छाती फुगते, फुगावीच. पण आतली चिप ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची होती, ट्रान्सप्युटर नावाची. अशा चौसष्ट चिपा जोडायच्या, त्यांच्यात काम वाटून द्यायचं, त्यासाठीचं सॉफ्टवेअर लिहायचं, ही करामत आपली. चिप परकी म्हणून ‘परम’ला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. झाकण उघडून आत हात घालणारी माणसं आपली होती, आणि माझ्या हिशेबी तंत्रज्ञान देशाचं होतं ते तिथेच.

भारतातल्या थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 ला उडालेलं पहिलं रॉकेटसुद्धा अमेरिकन होतं. 4 डिसेंबर 2024 ला ओमानने दुक्मच्या तळावरून ‘दुक्म-1’ हे प्रायोगिक रॉकेट सोडलं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसरे चेहरे पडले. भारताचं चांद्रयान चंद्रावर उतरून सव्वा वर्ष झालं होतं ना! थुंबा कुणाला आठवलं नाही.

ओमानीकरणाचं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी ओमानी माणसं नेमण्याचं, धोरण 1988 चं, म्हणजे सी-डॅकच्याच वर्षातलं. जानेवारी 2018 मध्ये 87 प्रकारच्या कामांसाठी परदेशी माणसांना नवे व्हिसा देणं थांबवलं, त्यात इंजिनिअर आणि आयटीवालेही आले. तेव्हा सोफे, फ्रिज विकायला काढल्याचे निरोप रोज यायचे. घराचे हप्ते, मुलांची दहावी-बारावी, सगळं मी जवळून पाहिलं आहे. तरीही स्पष्ट बोलतो: धोरण बरोबर आहे. पुण्यात झालं ते स्वावलंबन आणि मस्कतमध्ये झालं की अन्याय, असा दुहेरी हिशेब मला लावता येत नाही. ‘आपण नसतो तर यांचं सगळं बंद पडलं असतं’ हे चहाच्या टपरीवरचं वाक्य तर मला ऐकवतच नाही.

ज्यांना असं वाटतं त्यांनी निझव्याला जाऊन फलज दारिस हा पाण्याचा पारंपरिक कालवा बघावा. 2006 मध्ये युनेस्कोने ज्या पाच फलजांना जागतिक वारसा ठरवलं त्यांतला हा एक. देशात असे सुमारे तीन हजार अजून वाहताहेत. पंप नाही, पाणी डोंगरातून नुसत्या उतारावर येतं. पाण्याच्या पाळ्या मोजायच्या त्या दिवसा सावलीवर, रात्री ताऱ्यांवर. अर्ध्या तासाच्या पाळीला ‘अथर’ म्हणतात. हिशेब ठेवणारा गावचा, भांडण मिटवणाराही गावचाच.

आता पुढचा डाव हायड्रोजनचा आहे. ओमानने 2022 मध्ये ‘हायड्रोम’ ही कंपनी काढली, 2030 पर्यंत वर्षाला किमान दहा लाख टन हरित हायड्रोजनचं लक्ष्य ठेवलं. भारताचं लक्ष्य पन्नास लाख टनांचं. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबानेच नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि वाळवंटात ते समुद्रातूनच येणार. म्हणजे आमच्या खात्याला मरण नाही! आकडे वेळेत गाठले जातील याची मला शंका आहे. पण रात्री दोन वाजता प्रकल्प अचानक बंद पडला तर कुणाला उठवावं लागतं, यावरून मी देशाची प्रगती जोखेन.

शेवटी एक विनंती. उद्या रविवार, कामाचा दिवस. हाताखालच्या ओमानी मुलाला बरोबर घ्या, किल्ली त्याच्या हातात द्या आणि तुम्ही मागे उभे राहा. ड्रॉइंगवर पेन्सिलीने केलेल्या ज्या खुणा फक्त तुम्हालाच कळतात, त्या त्याला समजावून सांगा, त्याच्या अरबीत लिहून घेऊ द्या. आणि पुण्या-नाशिकला परत जाताना त्या ड्रॉइंगच्या फायली बॅगेत भरू नका.