साखरेची भूक आणि रोगाचा माग

कर्करोगाची मूळ गांठ पुष्कळदां हातास लागते. ती तेथेंच थांबली आहे कीं तिच्या पेशी रक्तावाटे वा लसीकेवाटे दूर जाऊन वसल्या आहेत, हा प्रश्न मात्र शस्त्रवैद्यास अडवितो. रोग एके ठिकाणीं असेल तर गांठ काढून टाकावी. पसरला असेल तर केवळ शस्त्रानें भागत नाहीं.

राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले आणि हाडें उघडीं पडलीं. मृदु भाग झांकलेलेच राहिले. यकृत काय, स्नायु काय, त्यांत वाढणारी गांठ काय, क्ष-किरणांना सारीं जवळजवळ सारखींच. १९७१ सालीं लंडन येथें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें रुग्णाच्या मस्तकाचे आडवे काप चित्रांत दाखविले. पुढें चुंबकीय चित्रणही आलें. पण ह्या पद्धती मुख्यतः आकार दाखवितात. सुजलेली लसीकाग्रंथि सर्दीपडशानें सुजली कीं कर्करोगानें, हें आकारावरून कसें कळावें? उलट, नेहमींएवढ्या ग्रंथींतही रोग शिरलेला असूं शकतो.

पेट-स्कॅन आकाराऐवजीं भूक पाहतो. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हें ओटो वॉरबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखविलें होतें. ग्लुकोजसारख्या द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लुओरिन जोडून तें शिरेंतून देतात. पेशी त्याला साखर समजून आंत घेतात, पण तें पुरतें पचत नाहीं आणि तेथेंच साचतें. फिलाडेल्फिया येथें १९७६ सालीं तें प्रथम माणसास दिलें गेलें. हें फ्लुओरिन सुमारें ११० मिनिटांत निम्में उरतें, म्हणून तें करणारा सायक्लोट्रॉन फार लांब असून चालत नाहीं. मुंबईस परळ येथें २००२ सालीं ही सोय झाली.

रुग्णानें उपाशीपोटीं यावें आणि सुई टोंचल्यावर तासभर निमूट पडून राहावें, बोलूंही नये. कारण राबलेला स्नायुही साखर ओढतो आणि चित्रांत उगीच चमकतो. गप्पिष्टांना हा तास जड जात असेल! असें चित्र पाहिलेल्या श्रोत्यांना आठवेल कीं मेंदू आणि मूत्राशय निरोग्याचेंही उजळतें. उलट, कांहीं मिलिमीटरांचा कण अंधारांत राहून जातो; प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग तर बहुधा साखरेचा फारसा भुकेला नसतो, त्यासाठीं वेगळें द्रव्य वापरतात.

खरा फसवा आहे तो क्षय. क्षयानें सुजलेली ग्रंथीही तशीच लखलखते. समजा, स्तनाच्या कर्करोगानें आजारी असलेल्या एखाद्या स्त्रीच्या छातींत, फुप्फुसांच्या मध्यें, एक ग्रंथि चमकली. तो रोगाचा प्रसार मानला तर उपचारांची सारी दिशा बदलते. कदाचित् बरें करण्याची आशाच सोडली जाते. म्हणून त्या ग्रंथींत बारीक सुई घालून तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. तेथें क्षय निघाला तर औषधें सहा महिने किंवा त्याहून अधिक घ्यावीं लागतात, परंतु तिच्या स्तनाचा रोग अजून आवांक्यांत असूं शकतो.