जुनी लेन्स, नवा कॅमेरा

गटाच्या पापड-मसाल्याचे फोटो काढायला मिररलेस कॅमेरा घेतला, की नव्या लेन्सची किंमत ऐकून बचतीचा हिशोब कोलमडतो. त्याआधी जुन्या फोटो स्टुडिओत विचारा. रीळवाल्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स तिथं पडून असू शकते.

पैसे देण्याआधी ती उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत बंद पेटीत ठेवली की हेच होतं. अशी लेन्स फुकटही नको.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये अडॅप्टरची रिंग लागते. दोन्हींची नावं दुकानात सांगूनच ती घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘लेन्स नसताना फोटो’ ही सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर बटण दाबून फोटोच निघत नाही.

फोकस हातानं. स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि पापडातलं जिरं स्पष्ट दिसेपर्यंत रिंग फिरवा. दीड फुटापेक्षा जवळ जाऊ नका, बहुतेक जुन्या लेन्सना ते जमत नाही. आकड्यांची रिंग ८ वर ठेवा. २ वर अर्धं ताट धूसर येतं. पळत्या पोरांचे फोटो मात्र मोबाइलवरच काढा. पापड कुठं पळतोय!