पुढच्याचं सरपण

पडद्यामागे तोंडाला पावडर लावून, फेटे सावरत ताटकळलेल्या माझ्या बालमित्रांनो,

प्रमुख पाहुण्याचं भाषण म्हणजे काय असतं, हे मला पडद्यामागून माहीत आहे. १९७६ साली दहावीत असताना याच शाळेच्या पटांगणात मी कोळीनृत्यासाठी उभा होतो. त्या वर्षीचे पाहुणे इतकं बोलले, की काजळाने काढलेली माझी मिशी घामाने ओघळून हनुवटीवर आली. पाहुण्यांच्या हातून मग मला ‘उत्कृष्ट वेशभूषा’ मिळाली, कारण त्यांना ती दाढी वाटली. म्हणून आज घड्याळ काढून समोर ठेवलंय. मुलांच्या मिशा जागेवर असतानाच मी खाली बसेन.

मी काही मोठा माणूस नाही. ३६ वर्षं एसटीच्या कार्यशाळेत काढली, २०१८ साली निवृत्त झालो. आमची ही समोर बसली आहे, ती ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती. मुख्याध्यापक घरी आले आणि म्हणाले, “यंदा तुम्ही दोघं नॉर्वेला राहून आलात, मुलांना परदेशाबद्दल सांगा.” मी हो म्हटलं. पण खरं सांगू? परदेशाबद्दल मला फारसं कळत नाही. तिथल्या एका लाकडाच्या पेटीबद्दल मात्र नीट कळलंय. तेवढंच सांगतो.

माझी लेक आणि जावई त्रोंदहाइम नावाच्या शहरात असतात. नात नऊ वर्षांची, नातू सहा वर्षांचा. पाहुण्यांना तिथे ९० दिवस राहू देतात, म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो आणि ऑगस्टअखेर परतलो. पोहोचल्यावर पहिली फजिती झोपेची. जूनमध्ये त्या गावात सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि तीन वाजता पुन्हा हजर! मधल्या वेळातही पुरता अंधार होत नाही. ही पहिल्या दिवशी तिन्हीसांजेची वाट बघत देवापुढे वात घेऊन बसली होती. शेवटी लेक म्हणाली, “आई, घड्याळात सात वाजले की लाव. इथला सूर्य आपलं पंचांग पाळत नाही.”

तिथली उन्हाळ्याची सुट्टी साधारण आठ आठवड्यांची. सुट्टी लागली की लोक डोंगराकडे नाहीतर समुद्राकडे निघतात, आपल्या ‘हित्ते’कडे. हित्ते म्हणजे लाकडाची छोटी केबिन. अख्ख्या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, आणि अशा केबिनी चार लाखांहून जास्त. ज्यांची स्वतःची नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी १८६८ साली स्थापन झालेली एक पर्यटन संघटना आहे. तिच्या साडेपाचशेहून अधिक केबिनी देशभर डोंगरदऱ्यांत विखुरल्या आहेत. एकीकडून दुसरीकडे जायच्या पायवाटेवर दगडांवर लाल रंगात इंग्रजी ‘टी’ अक्षर रंगवलेलं असतं. तो लाल टी बघत चालायचं.

जुलैमध्ये आम्ही सहाजण त्रोलहाइमेनच्या डोंगरात अशाच एका केबिनीवर गेलो. मी दारात उभा राहून व्यवस्थापक शोधत होतो. कोणीच नाही! सभासदांकडे एक किल्ली असते, तीच किल्ली अशा बहुतेक सगळ्या केबिनींना चालते. जावयाने कुलूप काढलं. आत एकावर एक पलंग, गॅसची शेगडी, लोखंडी चूल, आणि एका खोलीत फळ्यांवर डबाबंद अन्न, शेवया, सूप, कॉफी, राईच्या कुरकुरीत पावाची पाकिटं. भिंतीवर किमती लावलेल्या. जे खाल ते आपलं आपण लिहायचं आणि त्याचे पैसे भरायचे. दुकान आहे, पण दुकानदार नाही. पाणी ओढ्यावरून बादलीने आणायचं. संडास अंगण ओलांडून पलीकडे. ही म्हणाली, “अहो, हे तर माझं माहेर झालं!”

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खिंडीपर्यंत चालायचं ठरलं. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. अकराच्या पुढे ढग उतरले, पाऊस सुरू झाला, वारा असा की छत्री उलटी. हिचा गुडघा दुखायला लागला. पण मी एसटीवाला. सुटलेली गाडी मुक्कामाला पोहोचलीच पाहिजे! मी म्हटलं, “आता थोडंच राहिलंय, चला.” तेवढ्यात नात वाटेत आडवी उभी राहिली. “आजोबा, आठवा नियम!”

मुलांनो, तिथे डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात १८ जणांचा जीव गेला, त्यानंतर हे नियम घराघरात पोहोचले. एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही ते छापतात, त्यामुळे पोरांना ते पाढ्यांसारखे पाठ. आठव्या नियमाचा अर्थ असा, की वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. नऊ वर्षांच्या मुलीने ६५ वर्षांच्या आजोबाला मागे फिरवलं. मी थोडा फुगलो होतो, पण फिरलो.

केबिनीत आलो तेव्हा नातवाचे ओठ निळे पडले होते. हिने त्याचे कपडे उतरवले, पांघरुणात गुंडाळलं आणि मला म्हणाली, “आधी चूल.” आता एवढ्या पावसात कोरडं लाकूड कुठून आणू? लेकीने चुलीशेजारची पेटी उघडली. पेटी काठोकाठ भरलेली. खाली जाड ओंडके, त्यावर मध्यम फोडी, सगळ्यात वर बोटाएवढ्या बारीक ढलप्या, आणि त्यांवर काड्यापेटी. कोणीतरी जाताना, पुढच्याला थंडीत बोटं वळत नसतील तरी चूल पेटवता यावी, अशी ती पेटी रचली होती. दोन मिनिटांत जाळ झाला. अर्ध्या तासात नातू थालीपीठ मागायला लागला.

तिथे एक वही असते. येणारा प्रत्येकजण त्यात नाव, कुठून आला, कुठे चालला ते लिहितो. मी लेकीला वाचायला लावली. आमच्या आधी तीन दिवसांपूर्वी दोघंजण राहून गेले होते. लाकडाबद्दल एक अक्षर नाही. फक्त नावं आणि पुढचा मुक्काम. ते कोण, म्हातारे की तरुण, मला कधीच कळणार नाही. पण माझ्या नातवाची ऊब त्यांनी तीन दिवस आधी फोडून ठेवली होती.

आता माझी लाज सांगतो. निघायच्या दिवशी मी पाठपिशवी भरून दारात तयार. जावई फरशी पुसतोय, लेक भांडी घासतेय. मी म्हटलं, “अरे, आपण पैसे भरलेत ना? मग आपण का झाडायचं?” लेक काही बोलली नाही. तिने फक्त त्या पेटीचं झाकण उघडून दाखवलं. तळाला दोन ओंडके उरले होते. बाकी सगळं आम्ही दोन दिवसांत जाळलं होतं. मी पिशवी उतरवली. बाहेर खोपटात करवत होती, कुऱ्हाड होती. दीड तास लाकूड फोडलं. ढलप्या काढायला नातवाला बसवलं, म्हणजे तो गोळा करत होता आणि मी काढत होतो. शेवटी काड्यापेटी त्याने स्वतःच्या हाताने वर ठेवली. पैसे आपण मागे काय वापरलं त्याचे असतात, मुलांनो. पुढे कोण येणार, त्याची सोय पैशाने होत नाही.

या गोष्टीसाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे, ‘दुग्नाद’. सगळ्यांनी मिळून, पैसे न घेता, सगळ्यांच्या उपयोगाचं काम करायचं. २००४ साली तिथल्या लोकांनी तो आपला राष्ट्रीय शब्द म्हणून निवडला. लेकीच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची म्हाताऱ्यांची टोळी आठवड्यातून एकदा निघते आणि केबिनींची डागडुजी करते. ऑगस्टमध्ये एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना बरोबर नेलं. त्यांना मराठी येत नाही, मला नॉर्वेजियन येत नाही, इंग्रजी दोघांचंही बेताचं. पण एका दाराची बिजागरी लोंबत होती, आणि लोंबत्या बिजागरीची भाषा मला येते. स्क्रूची भोकं मोठी झाली होती. मी काड्यापेटीतल्या काड्या मोडून भोकात ठोकल्या आणि स्क्रू फिरवला. दार घट्ट! ते म्हातारे खो खो हसले आणि त्यांतल्या एकाने दुसरं दार दाखवलं. त्या दिवशी मी चार दारं बसवली. हिने प्रथमोपचाराची पेटी तपासली. नावं वाचता येत नव्हती, पण मुदत संपल्याची तारीख कुठल्याही भाषेत कळते. दुपारी सगळ्यांनी मिळून वाफल खाल्ले, त्यावर तपकिरी चीज. चीज करताना उरलेली निवळी आटवून ते करतात. चवीला थेट खव्याच्या जवळ जाणारं. निवृत्त झाल्यापासून इतकी गोड भूक मला लागली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा गोऱ्यांचं कौतुक करायला लागले. नाही. तिथेही पैसे न भरता पळणारे असतात, आणि त्याबद्दल संघटना कुरकुरते. तरीही आम्ही गेलो तिथे फळ्यांवरचं अन्न कुलपात गेलेलं नव्हतं, एवढंच. आणि दुग्नाद हा शब्द ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? इर्जिक! माझ्या वडिलांच्या शेतात पेरणी मागे पडली, की गावातले लोक बैल-औतं घेऊन यायचे, दिवसभर राबायचे. मजुरी नाही, फक्त संध्याकाळचं जेवण. कुठे त्याला सावड म्हणायचे. तुमच्यापैकी कितीजणांनी इर्जिक हा शब्द ऐकलाय? हात वर करा. … सात-आठ हात. बघा, शब्द आपल्याकडेही होता. आपण तो वापरायचा सोडला.

परवाच २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. १९५६ साली ते गेले. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. पंढरपूरला त्यांनी धर्मशाळा बांधली ती कुणासाठी? ज्याला पांडुरंगाच्या गावात टेकायला जागा मिळत नव्हती, त्या वारकऱ्यासाठी. कोण येणार, त्याचं नाव बाबांना माहीत नव्हतं. त्या डोंगरातल्या केबिनीत झाडू मारताना मला लेकीची आणि जावयाची लाज वाटली नाही, बाबांची वाटली. खराट्याचा धडा मी याच शाळेत पाचवीत शिकलो होतो आणि ६५ व्या वर्षी तो सातासमुद्रापार जाऊन पुन्हा शिकावा लागला.

आमच्या वेळी या व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता. पाचवी ते दहावी, वर्गवारीने पाळी. विहिरीवरून पाणी आणून तो भरायचा. सकाळी आम्ही भरायचो आणि दुपारी बाकीचे प्यायचे. दुपारची पाळी असणाऱ्यांनी भरलेला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी प्यायचो. आपण भरलेलं पाणी आपल्याच वाट्याला यायचं असं नाही. आता नळ आला, चांगलं झालं. पण रांजणाबरोबर ती पाळीही गेली.

आज बक्षिसं घेणाऱ्या सगळ्यांचं अभिनंदन. ज्यांना बक्षीस नाही त्यांनाही सांगतो, माझं त्या ‘उत्कृष्ट वेशभूषे’नंतर या शाळेत एकही बक्षीस नाही, आणि तेही चुकून मिळालेलं आहे. तरीही पाहुणा म्हणून बोलावतात.

आम्ही दोघांनी येताना काही आणलंय. पाचवी ते दहावी, अ आणि ब, अशा बारा तुकड्या. म्हणून बारा जाड वह्या आणल्यात. वह्या कोऱ्या आहेत. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली की प्रत्येक वर्गाने खोली झाडायची, बाकांचे निसटलेले खिळे ठोकायचे, फळा धुवायचा, आणि वहीत लिहायचं की आम्ही काय दुरुस्त केलं, काय राहिलं, आणि तुमच्यासाठी काय ठेवलंय. खडू ठेवा, डस्टर ठेवा, दोन पेन्सिली ठेवा. जूनमध्ये येणारी मुलं तुम्हाला ओळखणार नाहीत. ओळखायची गरज नाही. बिजागऱ्या लोंबत असतील तर मला फोन करा, काड्यापेटी घेऊन येईन.

वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. माझी बारा मिनिटं झाली, मुलांच्या मिशा अजून जागेवर आहेत. पडदा उघडा.