आले तसे पुढे पाठवले



अध्यक्षाने साहित्याची थोरवी गावी आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, हा रिवाज आज मोडतो. आपल्यातल्या बहुतेकांचे मराठी वाचन आता मोबाइलवर होते आणि राजकारणावरची मतेही तिथेच तयार होतात. खरे तर होत नाहीत, तयारच येतात. मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव नसते. डोक्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आणि एक बाण असतो, फारच फिरलेला असेल तर दोन. ज्याच्याकडून आला त्याला विचारा, ‘हे खरे आहे का?’ उत्तर ठरलेले: ‘माहीत नाही, आले तसे पाठवले.’ ही सबब मला साफ नामंजूर आहे. जो पुढे पाठवतो तो प्रकाशक आहे आणि प्रकाशकाची जबाबदारी त्याला झटकता येणार नाही.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापले कुठे. १८६७ च्या कायद्याने इंग्रजांनी ही सक्ती केली ती छापखान्यांवर नजर ठेवायला. वाचकांचा कळवळा त्यात नव्हता. तरीही जाब कोणाला विचारायचा हे वाचकाला त्या ओळीने कळू लागले. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांपायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा छापलेल्या शब्दांपासून त्यांनी अंग काढून घेतले नाही. आपण मात्र रोज दहा मजकूर प्रसिद्ध करतो आणि एकाचीही मालकी सांगत नाही.

यात एवढे काय बिघडले, असे ज्यांना वाटते त्यांनी धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा रविवार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा मजकूर त्या भागात मोबाइलवरून आधीच पोचलेला. भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. मारणारे पकडता आले. पण तो मजकूर ज्यांनी ज्यांनी पुढे सरकवला होता, त्यांतल्या कितीजणांना त्या रात्री झोप लागली नसेल? माझा अंदाज, सगळ्यांना लागली असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवण्याची मर्यादा आणायला घेतली. म्हणजे आपल्या अंगठ्याला लगाम हवा, हे आपल्याआधी कंपनीला कळले, तेही माणसे मेल्यावर.

कंपन्यांना दोष द्या, मीही देतो. २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. एकेकाळी तिथे रागाच्या चिन्हाला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते, हे त्यांतून जगाला कळले. संताप आणणारा मजकूर वर चढावा अशीच ती मांडणी. पण ते चिन्ह दाबणारे बोट कंपनीचे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या माध्यमाने, ज्यांना वर्तमानपत्रांनी कधी दारात उभे केले नाही त्यांना आवाज दिला. हे शंभर टक्के खरे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. तेव्हा जुन्या दरवानांसाठी गळा काढणाऱ्यांत मी नाही. पण ‘मूकनायक’ बेनामी नव्हता. पुण्यातून १८७७ साली निघालेला कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ही नव्हता. ज्यांना बोलण्याची किंमत मोजावी लागत होती त्यांनी नावानिशी बोलून दाखवले. आपल्याला तर काहीच मोजावे लागत नाही.

मग कायदा कडक करा, असे कोणी म्हणेल. नको. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मतासाठी अटक झाली. ज्या कलमाखाली असल्या अटका होत ते ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, तेच योग्य झाले. पोलिसाच्या हाती दिलेली छडी आधी दुबळ्याच्याच पाठीवर पडते. मी मागतो आहे ती शिस्त वाचणाऱ्याची आणि पाठवणाऱ्याची स्वतःची.

आता जरा घरचे. अमेरिकेत कोण निवडून यावे यावर आपल्या खडकीत हिरिरीने वाद होतात. आणि आपले कॅन्टोन्मेंट बोर्ड? शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. २०२१ पासून लोकनियुक्त सदस्यांविना कारभार सुरू झाला. ३० एप्रिल २०२३ ला मतदान ठरले आणि मार्चमध्ये केंद्राने ते रद्द केले. यावर किती मजकूर फिरला? पाणी, गटार, कर, महापालिकेत जायचे की नाही, या गोष्टींवर मत द्यायचे तर कागद वाचावे लागतात, चार खिडक्यांवर उभे राहावे लागते. म्हणून त्यावर मत नाही. फुकटात मिळते तेवढ्यावरच आपण शूर.

तेव्हा विनंती एकच. या आठवड्यात फिरता मजकूर पुढे ढकलण्याआधी एक अर्ज लिहा. बोर्डाच्या निवडणुका, सदस्य, अंदाजपत्रक, जे विचारायचे ते विचारा. खाली स्वतःचे नाव, पत्ता आणि सही करा, आणि कार्यालयात देऊन पोच घ्या.