नाण्यावरची अक्षरे



लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोन्याचे एक नाणे आहे. त्यावर अरबीत कलमा आहे आणि त्याच्या ओळींमध्ये लॅटिन अक्षरांत ‘ओफा रेक्स’, म्हणजे राजा ओफा, असे नाव आहे. हा ओफा इ. स. ७५७ ते ७९६ पर्यंत मध्य इंग्लंडातील मर्सियाचा ख्रिस्ती राजा. त्याच्या कारागिराने अब्बासी खलिफा अल-मन्सूर यांचा हिजरी १५७ चा दिनार समोर ठेवून ठसा कोरला. पण त्याला अरबी येत नव्हते. अक्षरे त्याने नुसती चित्रासारखी उतरवली, आणि राजाचे नाव अरबी मजकुराच्या उलट्या बाजूने बसले! यावरून ओफा मुसलमान झाला असे कोणी सांगतात. त्याला आधार नाही. समोरच्या लिपीचा अर्थ ठाऊक नव्हता, एवढेच त्यातून दिसते.

पुढे टांकसाळ लंडनच्या टॉवरमध्ये स्थिरावली. नाणी हातोड्याने पाडत, त्यामुळे कडा ओबडधोबड राहत आणि लबाड लोक कडेची चांदी कातरून घेत. सतराव्या शतकात यंत्रे आली, तेव्हा मोठ्या नाण्यांच्या कडेवरच लॅटिन शब्द उमटवले. अर्थ, ‘शोभा आणि रक्षण’. कातरले की अक्षर तुटलेच! १६९६ मध्ये जुनी चांदीची नाणी वितळवून नवी पाडण्यासाठी ब्रिस्टल, चेस्टर, एक्झेटर, नॉर्विच आणि यॉर्क येथे तात्पुरत्या टांकसाळी निघाल्या. त्याच वर्षी न्यूटन टांकसाळीचा वॉर्डन झाला. आपण त्याला सफरचंदाच्या झाडाखालीच बसवून ठेवतो. येथे तो खोटी नाणी पाडणाऱ्यांविरुद्ध साक्षी-पुरावे गोळा करीत होता.

ह्याच इंग्रजांच्या कंपनीने आपल्या मुंबईत पाडलेला रुपया पाहा. मजकूर फारसी, नाव बादशहा शाह आलम यांचे, गाव सुरत, आणि जुलूसचे वर्ष सतत ४६. शाह आलम १८०६ मध्ये वारले, तरी रुपया त्यांच्याच नावाने चालू राहिला. सर्व मुलखासाठी एकच रुपया निघाला तो १८३५ मध्ये. त्यावर राजा चौथा विल्यम याचे मुख आले.

पालकहो, ज्या मुलाला मराठीबरोबर उर्दू-अरबी अक्षरे लागतात, त्याला असे नाणे वाचायला थोडीच मदत पुरते. ह्या शिक्षणाचा हिशेब केवळ नोकरीत करू नये, असे मला वाटते. कोणाच्या घरी जुन्या पेटीत असा रुपया असेल, तर सोनाराकडे नेण्याआधी एकदा शाळेत आणा. मुलांकडून तो वाचून घेऊ.