पी.पी. नंबर

घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका जपून ठेवली असेल, तर एकदा काढून बघा. खाली फोन नंबर असेल आणि त्याच्यापुढे दोन अक्षरं : पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरचा, माणूस आपला. फोन करायचा, अमक्याला बोलवा म्हणायचं, ठेवायचा आणि दहा मिनिटांनी परत लावायचा.

तेवढ्या वेळात दुकानदाराचं पोरगं पळत यायचं, "काकू, तुमचा फोन हाय!" भाकरी तव्यावर टाकून बाई धावायची. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी, दुकानदार समोर, बरोबर आलेली सासू शेजारी. पलीकडून आई विचारायची, "बरी हाईस ना?" इकडून उत्तर ठरलेलं, "बरी हाय." खरंच बरी असो की नसो.

त्या काळ्या फोनची आठवण मलाही गोड वाटते. तबकडी फिरवताना होणारा आवाज, ती जड दांडी. एक रुपयाचं नाणं टाकायच्या डब्याची तर मजाच होती. बोलणं रंगात यायचं आणि नेमका फोन कट व्हायचा. पण "तेव्हा किती आपुलकी होती" असं कुणी म्हटलं, की मला दुकानात पदर सावरत उभी असलेली ती बाई दिसते.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या घरांना हे जास्त कळेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघायच्या, सांगली-कोल्हापूरला, पार कर्नाटकात. लेकरं गावी आजीपाशी. कारखान्याजवळ पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान असायचं. आत लाल आकड्यांचं मीटर. बोलणाऱ्याचं निम्मं लक्ष त्या आकड्यांवर. बाजाराच्या दिवशी बाप्या माणूस तिकडं जायचा आणि बाई कोपीवर चूल, धुणं, पाणी बघायची. लेकराला बापाचा आवाज ऐकायला मिळायचा. आईचा मिळायचा तो निरोप : "तुझी आई म्हणत होती, नीट जेव."

मोबाईल आला तो आपल्यासाठी नव्हता. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. आपल्या देशातला तो पहिला मोबाईल कॉल. तेव्हा एका मिनिटाला आठ रुपयांहून जास्त पडायचे आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. २००३ साली येणारा फोन फुकट झाला, तिथून खरी गंमत सुरू झाली. त्याच वर्षी नोकियाचा अकराशे नंबरचा फोन आला. जगभरात २५ कोटींच्या वर विकला गेला म्हणतात. बटणांवर रबराचं आवरण, धूळ आत जायची नाही, आणि वर बॅटरी. पहाटे अंधारात फडात शिरताना, रात्री गाडी भरताना त्या उजेडाची किंमत तोडणीवाल्या बाईला विचारा. कोपीत लाईट नाही, पण एकदा चार्जिंग केलं की दिवसेंदिवस चालायचा.

नवऱ्यानं नवा घेतला की जुना बायकोकडे यायचा. चालतंय की! रिचार्ज नसला तरी मिस कॉल होता. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे तू फोन कर. ज्याची-त्याची खूण वेगळी. रुपया न मोडता बाई पहिल्यांदा स्वतःच्या मनानं माहेराशी बोलू लागली, तेही शेताच्या बांधावर, कुणी ऐकत नसताना.

आता हातात मोठे फोन आले. नंबर मात्र कुणाच्या तोंडपाठ राहिले नाहीत. फडात फोन पडला, फुटला, तर दुसऱ्याच्या फोनवरून लेकराला कसं बोलणार? म्हणून हंगामाला निघताना नंबर आजीच्या घरी भिंतीवर कोळशानं लिहा आणि आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. ११२ पोलिसांच्या मदतीला आणि १०८ अँब्युलन्सला, हे तर साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतात.

आणि आता खरं विचारायचं ते विचारते. तुमच्या बँक खात्याला मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय? पुष्कळ जणींचा नवऱ्याचा नाहीतर पोराचा असतो. गटाचं कर्ज जमा झालं, पैसे निघाले, ओटीपी आला, सगळे मेसेज त्याच्या फोनवर. तो सांगेल तेव्हा आपल्याला कळणार. बायांनो, हा तर परत पी.पी. नंबरच झाला की!

मोठा फोन लागत नाही त्याला. बँकेचा मेसेज साध्या फोनवरही येतो. सिम आपल्या आधारवर, आपल्या नावानं घ्यायचं. मग पासबुक आणि आधार घेऊन बँकेत जायचं आणि नंबर बदलायचा अर्ज मागायचा. लिहिता येत नसेल तर गटातल्या एखादीला सोबत न्या. पुढच्या बैठकीला पासबुकं घेऊनच या. कोणाच्या खात्याला कोणाचा नंबर आहे, ते तिथंच बघू आणि जिचा बदलायचा असेल तिच्याबरोबर दोघी-तिघी मिळून जाऊ.